राब, राख आणि टिपणीसबाई

टिपणीसबाईंच्या वर्गात 'कळलं का?' असं विचारायला बंदी होती. मला ते ठाऊक नव्हतं. पहिल्याच दिवशी माझ्या तोंडून तो प्रश्न गेला आणि बाई मला हाताला धरून व्हरांड्यात घेऊन गेल्या.

"शालिनी, तू 'कळलं का' विचारलंस की समोरची 'हो' म्हणणार. दुसरं काय म्हणेल बिचारी? चारचौघींत 'नाही' म्हणून स्वतःची शोभा करून घेईल? त्या 'हो'नं तुझं समाधान होतं, तिच्या पदरात काहीच पडत नाही. पुन्हा विचारू नकोस."

मी तेव्हा एकवीस वर्षांची होते. पेणची मुलगी, अलिबागला नर्सिंगचा कोर्स करून खालापूर तालुक्यातल्या एका आरोग्य केंद्रात नुकती रुजू झालेली. जिल्ह्याला अजून कुलाबाच म्हणत. कोर्समध्ये माझा पहिला नंबर आला होता आणि ही गोष्ट केंद्रातल्या शिपायापर्यंत सगळ्यांना कळेल याची मी आल्या आल्या व्यवस्था केली होती. टिपणीसबाई आमच्या हेल्थ व्हिजिटर, म्हणजे माझ्या वरिष्ठ. त्यांच्यावर माझ्या पहिल्या नंबराचा काडीइतका परिणाम झाला नाही.

बाई कर्जतच्या जुन्या, शिकल्यासवरल्या घरातल्या. उंच, हाडापेरानं थोराड, पायात पुरुषी चपला आणि भर उन्हाळ्यातही काखेत लांब दांड्याची काळी छत्री. त्यांच्या घरच्या फारशा गोष्टी मला ठाऊक नाहीत आणि ज्या ठाऊक आहेत त्या सांगायच्या नाहीत. हुशार माणसांशी त्यांचं फार वेळ पटत नसे. एकदा आमचे डॉक्टर कुठल्याशा नव्या परिपत्रकातल्या सूचना आम्हाला समजावून देत होते. बाई म्हणाल्या, "डॉक्टर, मला नाही समजलं. परत सांगा." डॉक्टरांनी परत सांगितलं. बाई म्हणाल्या, "अजून नाही." तिसऱ्यांदा सांगता सांगता डॉक्टर मध्येच थांबले, डोकं खाजवलं आणि म्हणाले, "टिपणीसबाई, मलाच समजलेलं नाही हो हे." बाई इतक्या खूष झाल्या की त्या दिवशीचा चहा त्यांनी स्वतः केला.

त्यांचा आणखी एक नेम होता. वर्षातून एक तरी गोष्ट अशी शिकायची, जी आपल्याला अजिबात येत नाही. "न येणं म्हणजे काय असतं ते माणूस फार लवकर विसरतो," असं त्या म्हणत. एका वर्षी त्यांनी माथेरानला जाऊन घोड्यावर बसायचं शिकून घेतलं, तेही नऊवारी नेसून. घोडेवाला रोज "बाई, सोपं आहे, सोपं आहे" म्हणत होता आणि बाई रोज पडत होत्या. तेव्हापासून 'सोपं आहे' हे शब्दही वर्गात बंद झाले. दुसऱ्या वर्षी त्या लोधिवलीकडच्या एका शेतात बायकांच्या रांगेत भाताची लावणी शिकायला उभ्या राहिल्या. सगळ्याजणी "अशी गं, अशी" म्हणत भराभर पुढे गेल्या आणि बाई चिखलात एकट्याच मागे राहिल्या. शेवटी एक म्हातारी मागे फिरली. तिनं आपला अंगठा बाईंच्या अंगठ्यावर ठेवला आणि रोप चिखलात जाताना कुठं थांबायचं ते तसंच दाबून दाखवलं. ती म्हातारी बाईंच्या लेखी मोठी शिक्षिका होती. बाई तिचं नाव आदरानं घेत.

आता वर्गाचं सांगते. गावोगावच्या सुइणींना केंद्रात बोलावून बाळंतपणातली स्वच्छता शिकवायची, अशी ती सरकारी योजना होती. दर मंगळवारी आठ जणी यायच्या. सगळ्या माझ्या आईपेक्षा मोठ्या, आणि एकेकीनं मी पाहिलीही नव्हती एवढी बाळंतपणं केलेली. त्या काळी घरोघरी बाळाची नाळ भात कापायच्या विळ्यानं कापत आणि बेंबीवर चुलीतली राख नाहीतर शेण लावत. मग एखादं धडधाकट बाळ पहिल्या आठवड्यातच दूध ओढायचं थांबायचं, ताठ व्हायचं आणि जायचं. तो धनुर्वात होता. घरातली माणसं म्हणायची, सटवीनं नेलं.

त्या आठ जणींत चांगुणा होती. काळीसावळी, ठेंगणी, नाकात मोठी मोरणी, बोलण्यात तोरा. लोधिवलीच्या मागं डोंगराकडेच्या वाडीतली ही नावाजलेली सुईण. पण तिच्या स्वतःच्या सुनेची, सुलोचनाची, दोन बाळं सहाव्या-सातव्या दिवशी गेली होती आणि दोन्ही वेळा नाळ चांगुणानंच कापली होती. सुलोचनाला आता तिसऱ्यांदा सहावा महिना होता. बाकीच्या सातजणी सरकारी बोलावणं म्हणून आल्या असतील. चांगुणा कशासाठी आली होती हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं. त्याबद्दल ती चकार शब्द काढत नव्हती.

पहिला तास बाईंनी मला घ्यायला सांगितला. मी अलिबागहून आणलेला रंगीत तक्ता भिंतीवर टांगला. गर्भाशय, नाळ, वार, सगळं लाल-निळ्या रंगात. जंतू म्हणजे काय, ते जखमेतून कसे शिरतात, उकळत्या पाण्यानं कसे मरतात, हे मी पाऊण तास न अडखळता सांगितलं. आठही माना डोलत होत्या. मग मी तो बंदीचा प्रश्न विचारला, आणि व्हरांड्यातली ती बोलणी खाऊन परत आले.

आत आल्यावर बाई खाली बायकांच्या रांगेत मांडी घालून बसल्या आणि म्हणाल्या, "चांगुणाबाई, मी जरा उशिरा आले. या नर्सबाईंनी काय सांगितलं ते मला सांगा की."

चांगुणानं तक्त्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. "ग्वाड बोलली हो पोरगी. पन बाय, त्या बाईला कुनी कापली?"

तक्त्यावरची बाई छातीपासून मांड्यांपर्यंतच होती. खाली पाय नव्हते, वर डोकं नव्हतं. पाऊण तास त्या आठ जणी त्या बिनमुंडक्याच्या बाईकडे बघत मनात हळहळत होत्या आणि मी जंतू सांगत होते. मला रडू कोसळायचं बाकी राहिलं होतं. बाईंनी मात्र तक्ता उतरवला, गुंडाळला आणि म्हणाल्या, "खरं आहे. मलाही ते चित्र बघवत नाही."

त्यानंतर तीन मंगळवार बाईंनी काहीच शिकवलं नाही. त्या नुसत्या विचारत राहिल्या. कळा सुरू झाल्या हे कसं ओळखता, मूल आडवं आहे हे हाताला कसं कळतं, वार पडेना तर काय करता. ज्यांना 'अडाणी' म्हणून शिकवायला बोलावलं त्या बोलत होत्या आणि बाई ऐकत होत्या. "बाई, आपलं शिकवायचं राहतंय," असं मी म्हटलं, तर म्हणाल्या, "त्यांना काय येतं तेच ठाऊक नाही, तर शिकवायला सुरुवात कुठून करू?"

चौथा मंगळवार मला लख्ख आठवतो. फाल्गुन होता. खिडकीतून डोंगरापर्यंतची शेतं दिसत होती आणि जागोजागी धूर उठत होता. भाताची रोपं करायच्या तुकड्यावर शेण, टहाळ, पालापाचोळा पसरून तो पेटवायचा, म्हणजे राब भाजायचा, ते दिवस. बाईंनी विचारलं, "चांगुणाबाई, राब का हो भाजता?"

शेतकऱ्याच्या बायकोला कुणी असं विचारतं का! आठही जणी हसल्या. चांगुणा सरसावून बसली. "न भाजता पेरलं तर तन माजतं नि किडा रोप खातो. रोपच नाय झालं तर लावनार काय, धोंडे?"

"पण भाजायच्या आधी जमीन तर साफ दिसते. तण कुठं दिसतं?"

"दिसत नाय वो बाय. आत असतंय. बारीक बी असतंय, किड्याची अंडी असतात. डोळ्याला नाय दिसत. पाऊस पडला की मंग उठतंय सगळं."

"आणि भाजल्यावर?"

"भाजल्यावर कशाला ऱ्हातंय? जळून जातंय."

बाई पुढं बोलल्याच नाहीत. मला राहवेना, मी तोंड उघडलं, तर बाईंनी माझ्या पायाला चक्क चिमटा काढला. मग चांगुणा हळूच म्हणाली, "बाय, इळ्यावर पन असंच असंल काय? साफ दिसतो, पन आत काय तरी?"

"मला वाटतं, असेल," बाई म्हणाल्या.

"मंग इळा भाजायला पायजे."

"किंवा उकळायला."

तक्त्यांनी एका पिढीत जमलं नसतं ते पाच मिनिटांत झालं. केंद्रातून मिळालेली कात्री आणि दोरा किती वेळ उकळायचा? घड्याळ कुणाकडेच नव्हतं. त्यांनीच ठरवलं, भात शिजायला लागतो तितका वेळ. हात का धुवायचे, नखं का कापायची, हेही मग एकीनं दुसरीला सांगितलं. मी त्या दिवशी बाईंकडे पाहत राहिले. पहिल्या नंबराचा माझा माज तिथंच उतरला. तो परत चढला नाही असं नाही, पण तेवढा कधी चढला नाही.

गोष्ट इथं संपली असती तर बाई माझ्या लक्षात राहिल्या असत्या, पण इतक्या नाही.

चैत्रात आम्ही दोघी शेजारच्या एका गावात तीन दिवसांची बाळंतीण बघायला गेलो. बाळंतपण चांगुणानं केलं होतं आणि ती तिथं हजर होती. तिनं मोठ्या ऐटीत सगळं दाखवलं. कात्री उकळून फडक्यात बांधलेली, नखं कापलेली, नवा साबण. घरातल्या, शेजारच्या बायका कौतुकानं बघत होत्या. मग बाईंनी बाळाचं दुपटं उघडलं. बेंबीवर बोटभर राख थापलेली होती.

बाईंचा तोल सुटलेला मी तेव्हा पाहिला. "अगं, हे काय!" म्हणून त्या ओरडल्या आणि सगळ्यांदेखत स्पिरिटच्या बोळ्यानं राख पुसून काढली. चांगुणाचा चेहरा एवढासा झाला. पुटपुटल्यासारखं ती म्हणाली, "राब भाजल्यावर राख तितंच ठेवतो की बाय. राखेनंच तर रोप जोर धरतं. म्हनून मी दुप्पट लावली." एवढं बोलून ती मागच्या दारानं निघून गेली.

त्या बाळाला काही झालं नाही. नशीब, दुसरं काय.

परतताना मी म्हटलं, "बघा बाई, एवढं शिकवून शेवटी तिनं नको तेच केलं." बाई रस्त्यात थांबल्या. माझ्यावर त्या खरोखर चिडल्या होत्या. "तिनं विचार केला! मी दिलेलं उदाहरण तिनं शेवटपर्यंत नेलं. तुझ्या तासाला आठ जणींपैकी एकीनं तरी काही चूक केली? चूक करायला आधी डोकं चालावं लागतं. राब मी अर्धाच सांगितला. राखेचं काय, हे माझ्या ध्यानातच आलं नाही. आणि वर चार बायकांत तिचा अपमान केला."

पुढच्या मंगळवारी चांगुणा आली नाही. त्याच्या पुढच्याही नाही. सुलोचनाचे दिवस भरत आले होते. ही बया रागानं पुन्हा विळा घेऊन बसली तर? वर्गात बाकीच्या सात जणी होत्या, पण बाईंचं लक्ष दारात होतं. तिसऱ्या मंगळवारची वाट न बघता त्या मला घेऊन वाडीवर निघाल्या.

चांगुणाचा मुलगा पडवीत होता. "आय घरात नाय," तो म्हणाला. घराच्या मागं चांगुणा धुणं वाळत घालताना आम्हाला स्वच्छ दिसत होती. बाई पडवीत बसल्या आणि आजूबाजूच्या चार घरांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "चांगुणाबाई, चूक माझी होती. शिकवणारीनं अर्धं सांगितलं तर शिकणारी काय करील? लोकांत मी तुम्हाला बोलले, म्हणून लोकांतच सांगायला आले."

सरकारी माणूस वाडीवर येऊन माफी मागतो, हे मी तोवर पाहिलं नव्हतं आणि नंतरही फारसं पाहिलं नाही.

जरा वेळानं चांगुणा पाण्याचा तांब्या घेऊन आली. राग होताच. "तुमीच म्हनलात राबासारखं. मंग राबाची राख चांगली नि आमची तेवढी वाईट?"

"याचं उत्तर मला येत नाही," बाई म्हणाल्या. "म्हणजे पुस्तकातलं येतं, पण ते तुम्हाला पटेल असं सांगता येत नाही. दोन आठवडे विचार करतेय."

सुलोचना अवघडलेल्या अंगानं दाराशी येऊन उभी होती. बाई वर बघत बसल्या. आढ्याला काथ्यानं सात-आठ लाल भोपळे टांगले होते. "हे एवढे दिवस टिकतात कसे हो? आमच्याकडचा तर महिन्यात कुजतो."

"तुमी देठ मोडत असाल," चांगुणा घुश्शातच म्हणाली. "देठ वीतभर ठेवायचा. भोपळा कुजतो तो देठाकडनं. त्याला ओल नाय लागली पायजे. वाऱ्यावर आपोआप सुकू द्यायचा. त्याला पानी नाय, माती नाय, शेन नाय, राख..."

ती थांबली. भोपळ्याकडे पाहिलं, मग सुनेच्या पोटाकडे पाहिलं. हातातला तांब्या तिनं खाली ठेवला.

"नाळ म्हंजे देठच की गं बाय," ती म्हणाली, आणि मटकन पडवीच्या कडेला बसली. तिला तेव्हा कोण आठवलं हे सांगायची गरज नाही. सुलोचना पुढं आली आणि सासूच्या पाठीवर हात ठेवून उभी राहिली. आम्ही दोघी उठलो आणि निघालो. चांगुणानं आम्हाला थांबवलं नाही.

वाटेत मी बाईंना विचारलं, "तुम्ही मुद्दाम भोपळ्यावर आणलंत ना?"

"नाही गं. आमचा दर वर्षी खरंच कुजतो."

वैशाखात सुलोचना बाळंत झाल्याचा निरोप आला. मुलगी झाली होती. मी लगेच पिशवी भरली, पण बाईंनी अडवलं. बोलावणं आल्याशिवाय जायचं नाही. "आपण रोज बेंबी बघायला गेलो तर तिला काय वाटेल? शिकवलं ना? मग आता तिच्यावर सोपव." बोलणं असं ठाम, आणि स्वतः पाचव्या दिवसापासून डबा उघडून नुसता समोर ठेवायच्या. सहाव्या दिवशी त्यांनी एकच रजिस्टर तीनदा लिहिलं. सातव्या दिवशी दुपारी छत्री घेऊन फाटकापर्यंत गेल्या आणि परत आल्या. मलाही दुसरं काही सुचत नव्हतं.

नवव्या दिवशी चांगुणा आली. चालत, डोक्यावर ऊन घेऊन. दारातच उभी राहून तिनं परीक्षेत उत्तर द्यावं तसं सांगितलं, "कात्री भात शिजंस्तोवर उकळली. दोराही. बेंबीला काय म्हंजे काय लावलं नाय. शेजारनी वरडल्या, मी ऐकलं नाय. सातव्या दिशी नाळ गळली. कोरडी. पोरगी दूध वढते. आत्ता वढत व्हती, तिला बघून निघाले."

बाई उठल्या, चांगुणाजवळ गेल्या आणि तिचे दोन्ही हात धरून उभ्या राहिल्या. दोघी रडत होत्या. मीही रडत होते, आणि दारात उभा असलेला आमचा शिपाई मोठ्यानं नाक शिंकरत होता.

पुढं माझी बदली कर्जत तालुक्यात कळंबकडे झाली. मग लग्न, मुलं, आणखी बदल्या. बाईंच्या नोकरीचा शेवटचा महिना आहे असं कळलं तेव्हा मी मुद्दाम एका मंगळवारी जुन्या केंद्रात गेले. वर्ग चालू होता. मी दारातच थांबले.

समोर दहा-बारा नव्या सुइणी बसल्या होत्या, आणि शिकवत होती चांगुणा. केस पांढरे झालेले, तोरा तोच. "मी पन इथं शिकलेय," ती सांगत होती. "पयल्यांदा मीच चुकले. बेंबीवर ही एवढी राख लावली. माझी चूक सांगते, म्हंजे तुमी नाय करायच्या."

मागच्या रांगेतून एक हात वर आला. हात टिपणीसबाईंचा होता. "चांगुणाबाई, चूक तुमची नव्हती. माझी होती."

"नाय बाय, माझी."

"माझी! अर्धं सांगितलं होतं मी."

"राख कुनी लावली, तुमी का मी?"

"पण लावायला कारण कुणी दिलं?"

नव्या बायका एकदा पुढं बघत होत्या, एकदा मागं. चूक आपल्या नावावर लागावी म्हणून दोन बायका हमरीतुमरीवर आलेल्या मी तेवढ्याच पाहिल्या. बाई तर बोलता बोलता उठून उभ्याच राहिल्या होत्या. शेवटी चांगुणानं हात वर केला.

"बाय, तुमी गप बसा. आता मी शिकवतेय."

आणि टिपणीसबाई पदर सावरून खाली बसल्या, नव्या सुइणींच्या रांगेत, मांडी घालून. त्यांच्या चेहऱ्यावर इतका आनंद मी कधीच पाहिला नव्हता.